मास्तरणीची बिनशाळेची पोर

सकाळी शाळेची जीप पोरं भरून घेऊन गेली, की तांड्यात कोंबड्या आणि म्हातारी माणसं उरायची. आणि उरायची निता, डी.एड. झालेली, नि तिची पोरगी सेवंती. जीप जवळा बाजारच्या रस्त्याला लागेपर्यंत तिचा हॉर्न ऐकू यायचा. निता भांडी घासत असली तर त्या हॉर्नबरोबर तिचे हात थांबायचे. आता सवय झाली, असं ती स्वतःला सांगायची. पण सवय झालेल्या माणसाचे हात थांबत नसतात.

औंढ्याकडून येताना डांबरी रस्ता सोडून आत वळलं, की सोयाबीनची रानं, मग ओढ्यावरचा पूल, मग हा तांडा. इथल्या माणसांचे पणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आता ज्याच्या त्याच्या वाटणीला दोन-चार एकर आहेत, आणि दिवाळी सरली की अर्धा तांडा कोयता घेऊन ऊसतोडीला जातो. आपसातलं बोलणं सगळं गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत. वाचणाऱ्याची अडचण नको म्हणून ते इथं आसपासच्या मराठीत दिलं आहे. ती मराठीही तांड्याला काही परकी नाही.

नावं ठेवण्यात तांड्याचा हात कोणी धरणार नाही. निताचं नाव पडलं होतं 'बिनशाळेची मास्तरीण'. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं बायका पाण्याच्या टाकीपाशी म्हणायच्या, आणि निता हंडा घेऊन आली की एकदम उन्हाळ्याविषयी बोलायला लागायच्या.

निता सहा वर्षांची असताना बापानं तिला आश्रमशाळेत टाकलं होतं. टाकलं हा शब्द तांड्याचाच, त्यात राग नाही. आईबाप ऊस तोडायला जाणार, मागं पोरीला कोण बघणार? एक पत्र्याची पेटी, तिला कुलूप, आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. रविवारी बाकीच्या पोरींची माणसं भेटायला यायची. तेव्हा निता आपली पेटी उघडून सगळं बाहेर काढायची आणि घड्या घालून पुन्हा भरायची. कोणी हाक मारली तर म्हणायची, "आवरून राहिले." पहिल्या दिवाळीला घरी आली तेव्हा रांजणाजवळ उभी राहून तिनं आईला विचारलं, "बाई, पाणी पिऊ का?" आई आधी हसली, आणि मग किती तरी वेळ पदर डोळ्यांना लावून बसली.

शिकली मात्र. तांड्यातली बारावी झालेली पहिली पोर ती, डी.एड. झालेली तर एकटीच. लग्नात तेवढी फजिती झाली. तांड्याच्या रिवाजात नवरी नुसती रडत नाही. रडण्याला शब्द असतात, चाल असते. त्याला ढावलो म्हणतात. निघायच्या वेळी नवरीनं एकेकीच्या गळ्यात हात टाकायचे आणि सुरात रडत बोलायचं; आईला म्हणायचं, की याडी, तुझ्या चुलीपुढची माझी जागा आता कोणाला देशील? मग आईनं तसंच सुरात उत्तर द्यायचं. हे काही आपोआप येत नाही. आज्या-मावश्या पोरींना जवळ घेऊन महिनोन्‌महिने शिकवतात, आणि ज्या वयात ते शिकायचं त्या वयात निता आश्रमशाळेत पाढे म्हणत होती. आईनं तिच्या गळ्यात हात टाकले, सुरुवात करून दिली, आणि निता गप्प. तिला पुढची ओळच येत नव्हती. "शिकलेली पोर, हिला कशाचं दुःख!" असं मागून कोणीतरी म्हणालं, तेही तिनं ऐकलं. शेवटी आईनं एकटीनंच दोघींचं म्हटलं. पुढं थोड्याच वर्षांत आई गेली. निताचं उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच.

नवरा योगेश पुण्याकडं जेसीबी चालवायचा. स्वभावानं बरा, पण घरी सणासुदीलाच. घरात निता आणि सासू जमनाबाई. जमनाबाईला सगळा तांडा दादी म्हणायचा. सेवंती झाल्यावर निताही दादीच म्हणायला लागली. सेवंती बोलायला लागली ती अशी, की दादी म्हणायची, "ह्या पोरीच्या तोंडाला झाकण बसवा गं कोणी." हे काहून, ते काहून, बकरीला वरचे दात काहून न्हाईत, विहिरीतलं पाणी रात्री काय करतं. निताला जवळा बाजारात एका खासगी शाळेत नोकरी मिळाली, तिथंच पोरीचं नाव घातलं. टाय आला, बूट आले. दादीनं टाय हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "बकरीला दावं, लेकराला हे."

सेवंती तिसरीत असताना निता एकदा तापानं घरी पडली होती. संध्याकाळी जीपमधून उतरून पोरगी दारात आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. हात पुढं करून म्हणाली, "मे आय कम इन?" निताला वाटलं, खेळते आहे. "ये की गं बाई," म्हणाली. पोरगी आत आली, दप्तर ठेवलं, माठापाशी गेली आणि पेल्याला हात न लावता उभी राहिली. "पाणी पिऊ का?"

खेळ नव्हता तो. निता तापातच उठून बसली. मग तिच्या ध्यानात आलं, की कित्येक महिन्यांत पोरीनं एकदाही 'काहून' विचारलं नव्हतं.

त्या वर्षाची परीक्षा झाली आणि निताने पोरीचं नाव शाळेतून काढलं. स्वतःची नोकरीही सोडली. दुसऱ्यांच्या लेकरांना गप्प बसवून कोणत्या तोंडानं घरी यायचं? तिनं मोबाइलवर वाचलं होतं, की काही आईबाप लेकरांना शाळेत घालतच नाहीत. शिकवतही नाहीत. लेकराला जे शिकावंसं वाटेल ते, वाटेल तेव्हा ते आपणच शिकतं, आईबापांनी फक्त आडवं यायचं नाही. वाचताना निताला आपला रांजण आठवला. योगेशला फोन केला तेव्हा त्यानं सगळं ऐकून घेतलं. मागं मशीन धडधडत होतं.

"तू शिकलेली हाइस," शेवटी म्हणाला. "तुला कळतं ते कर. पण पोरगी वाया गेली तर मला सांगू नको, की तुमी काहून अडवलं न्हाई."

एवढं बोलून त्यानं सगळं ओझं तिच्या एकटीच्या डोक्यावर ठेवलं. पुरुषांना हे बरं जमतं.

तांड्याचा नायक किसनसिंग म्हणजे वडीलधारा माणूस, भांडणतंटा मिटवणारा. तो मुद्दाम घरी आला. खाटेवर बसला, पाणी प्याला, आणि आवाज न चढवता म्हणाला, "पोरी, आमच्या बापजाद्यांला शाळेनं दारात उभं केलं न्हाई. मी अंगठाबहाद्दर. तुला तुझ्या बापानं ऊस तोडून शिकवलं. तांड्यातून बाहेर जायचा एकच रस्ता होता, त्याच्यावरून तू गेलीस. अन् आता पोरीला हात धरून त्याच रस्त्यानं परत आणून बसवून राहिलीस?"

निताजवळ उत्तर होतं, पण ते मोबाइलवरचं उत्तर होतं. नायकापुढं ते बोलायची तिला लाज वाटली. तो चुकतोय असंही तिला वाटेना. तिचं आणि त्याचं दोघांचंही खरं होतं, आणि अशा वेळी माणसाची फार तकलीफ होते.

मोबाइलवर अशा आईबापांचा एक ग्रुप होता. पुण्याची, नाशिकची माणसं. कोणाचा मुलगा घरी रोबो बनवायचा, कोणाची मुलगी मातीची भांडी. निताने एकदा धीर करून लिहिलं, की माझी पोरगी सकाळपासून बकऱ्यांमागं असते, काळजी वाटते. लगेच उत्तर आलं, "किती भाग्यवान तुम्ही! निसर्गाच्या कुशीत!" निताने आजूबाजूला पाहिलं. निसर्गाच्या कुशीत आदल्याच आठवड्यात गोठ्यात नाग निघाला होता. तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि फोन ठेवून दिला. इकडं तांडा तिचा राहिला नव्हता, आणि तिकडं ती त्यांच्यातली होत नव्हती.

पहिलं वर्ष सेवंतीनं काही म्हणता काही केलं नाही. झोपली, हिंडली, पुलाच्या कठड्यावर बसून पाय हलवत राहिली. निता मनाला समजवायची, की शाळेचा शीण उतरायला वेळ लागतो. पण उन्हात एकटी झाडू मारताना सगळ्या शंका रांगेनं यायच्या. दहावीचं काय? बाहेरून बसवता येते म्हणतात, पण बसली नाही तर? उद्या हिला कोण करून घेईल? आळशी झाली तर? आणि सगळ्यांच्या तळाशी बसलेली ती एक शंका, की मी हे पोरीसाठी केलं, का त्या पेटी उघडून बसणाऱ्या पोरीसाठी? कोणाशी बोलावं असं माणूस नव्हतं. शाळाबाह्य पोरं शोधत एक गुरुजी आले, ते नेमके डी.एड.ला तिच्या वर्गात असलेले संतोष सर निघाले. चहा घेताना मान खाली घालून म्हणाले, "मॅडम, ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं शोधून राहिलो होतो. तुमची सापडेल असं वाटलं न्हाई." जाताना ते माया केल्यासारखं हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग निता चोरून परीक्षा घ्यायला लागली. भाकरी थापताना म्हणायची, "सेवंती, चार भाकरी अन् तिघी जणी. कशा वाटायच्या गं?"

"एकेक आपल्याला, अन् एक कुत्रीला."

"अन् कुत्री नसली तर?"

"काहून नसेल? ती काय, दारात बसून हाय." मग पोरगी बारीक डोळे करून आईकडं बघायची. "तू माझी परीक्षा घेऊन राहिलीस ना?"

"न्हाई."

"मग तुला येत न्हाई का?"

निता हसायची, आणि मनात मार्क कापायची. तरी एक गोष्ट खरी होती. पोरगी पुन्हा 'काहून' विचारायला लागली होती. एसटीच्या पाट्या, बियाण्याच्या पिशव्या, औषधांच्या बाटल्यांवरचा बारीक मजकूर, हाताला लागेल ते वाचायची. निता तिला उत्तरं सांगायची नाही; ती कशी शोधायची ते दाखवायची. आणि कशालाही अडलं की तिचं एकच वाक्य असायचं, "तुझं तू ठरव." दादी चिडायची. "तिचं ती ठरवंल तर मग तुला आई काहून म्हनायचं?"

आणि मग पोरीनं ठरवलं ते काय, तर ढावलो शिकायचं.

दादीला ढावलो जेवढा येत होता तेवढा आसपासच्या तांड्यांत कोणाला येत नव्हता. आईसाठी वेगळा, भावासाठी वेगळा, मैत्रिणीसाठी वेगळा. लग्नात डीजे आल्यापासून कोणी शिकायला यायचं नाही. सेवंती दुपारभर तिच्या पुढ्यात बसू लागली. दादी तिच्या गळ्यात हात टाकून रडायची, ही उत्तर द्यायची, आणि रडणं मधेच थांबवून विचारायची, "इथं आवाज खाली काहून जातो?" दादी म्हणायची, "इथं श्वास पुरत न्हाई म्हणून. खरंच रडणाऱ्याला पुरत न्हाई." निता ओसरीवर तूर पाखडत ऐकायची. सूप हातात तसंच राहायचं. तिलाही वाटायचं उठावं, जाऊन बसावं. पण सासूसमोर बसून रडायला शिकायचं, हे कसं दिसेल? आणि गणित सोडून पोरगी लग्नातलं रडणं शिकते हे बाहेर कळलं तर? ती उठून दार लोटून घ्यायची.

कळायचं ते कळलंच. बायका हसून हसून बेजार झाल्या. "मास्तरणीनं पोरीला पाढ्याऐवजी रडायला बसवलं!"

तुरीची मळणी झाली आणि शेजारच्या शिलाचं लग्न निघालं. शिला औंढ्याला कॉलेजात जाणारी, हुशार पोर. दोन दिवस डीजे वाजला. निघायच्या वेळी कोणीतरी तो बंद केला, आणि एकाएकी एवढं शांत झालं की शिला घाबरली. तिच्या आईनं गळ्यात हात टाकून सुरुवात केली. शिला गप्प. निता गर्दीत उभी होती. तिला तो चेहरा ओळखीचा होता, आतून ओळखीचा.

तेवढ्यात सेवंती माणसांच्या पायांतून वाट काढत पुढं गेली. शिलाच्या मागं उभी राहिली, टाचा उंच केल्या आणि तिच्या कानात हळूच एक ओळ सांगितली. शिलानं ती म्हटली. मग दुसरी. तिसऱ्या ओळीला शिलाचा बांध फुटला, आणि मग सांगायची गरज उरली नाही. ज्या बायका हसल्या होत्या त्याच पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. किसनसिंग नायकानं सेवंतीच्या डोक्यावर हात ठेवला, निताकडं पाहिलं, आणि मान हलवली. एवढ्या वर्षांत निताला तांड्यानं दिलेली शाबासकी ती एवढीच. तिला वाटलं, जिंकलं. आता कोणी काही बोलायचं नाही.

संध्याकाळी मांडवातल्या सतरंज्या उचलत असताना सेवंती तिच्याजवळ आली.

"याडी, मला शाळेत जायचंय."

निताला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"हिंगोलीच्या. वसतिगृहात. शिलाच्या मावसबहिणी आल्या होत्या ना, त्या तिथंच हाइत. एका खोलीत सगळ्या जणी झोपतात. रात्री लाइट गेल्यावर गोष्टी सांगतात. मला ढावलो सगळा येतो, पण गळ्यात हात टाकायला माझ्या वयाचं कोणीच न्हाई. इथं दादी हाय, तू हाइस अन् बकऱ्या हाइत."

निता खाली बसली. पुलाच्या कठड्यावर बसून पाय हलवणारी पोर तिला दिसली. पोर तिथं बसायची ती रोज संध्याकाळी, जीप यायच्या वेळेला. निताने ते पाहिलं होतं. पाहून तिनं ते मोकळीक या नावाखाली ठेवून दिलं होतं.

"मी ठरवलंय," सेवंती म्हणाली. "तूच म्हणतीस ना, तुझं तू ठरव."

आता आली पंचाईत. नाही म्हणायला तिच्या हातात सगळं होतं. आई होती ती. एक शब्द टाकला असता तर योगेश काही बोलला नसता, आणि दादीला तर पोरगी सोडायचीच नव्हती. पण नाही म्हटलं असतं तर इतकी वर्षं जे केलं ते सगळं लबाडी ठरलं असतं. आणि हो म्हटलं तर पोरगी त्याच रस्त्यानं जाणार, पेटी घेऊन, कुलूप लावून. निताने मधला रस्ता काढला. तिनं पोरीला आश्रमशाळेच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. कधी कोणाला सांगितल्या नव्हत्या त्या. रविवारच्या, किल्लीच्या, अंधारात उशीखाली तोंड घालून रडायच्या. पोरगी घाबरावी म्हणूनच सांगत होती. हे बरं नव्हे हे तिला कळतही होतं.

सेवंतीनं सगळं मन लावून ऐकलं. मग विचारलं, "मग तू निघून काहून न्हाई आलीस?"

"निघून येता येतं हे कुठं माहीत होतं मला?"

"मला माहीत हाय," पोरगी म्हणाली. "न्हाई आवडलं तर मी येईन ना."

इतकं साधं बोलली ती. आपण काय कमावलं ते तिला त्या क्षणी दिसलं, आणि काय जाणार तेही.

मग सेवंतीनं स्वतःच गणिताची पुस्तकं मागितली. दोन वर्षं जे शिवलं नव्हतं ते उन्हाळा यायच्या आत संपवलं. अडलं तेवढंच आईला विचारलं. वयाप्रमाणे सहावीत प्रवेश मिळाला. तांड्याला आनंद झाला. "शेवटी आली ना वळणावर," बायका टाकीपाशी म्हणायच्या, आणि आता निता आली तरी विषय बदलायच्या नाहीत. योगेश फोनवर मोठ्यानं हसला. "सुटलो बाबा!" पुण्याच्या ग्रुपवर एकीनं लिहिलं, की तिच्या निवडीचा आदर करा, आणि दुसरीनं विचारलं, की घरचं वातावरण पुरेसं समृद्ध होतं ना? निताने ग्रुप सोडला.

जूनमध्ये निघायचं ठरलं. सेवंतीनं नवी बॅग नको म्हटली. माळ्यावरची पत्र्याची पेटीच हवी होती तिला, आईची. निताने तीत कडधान्य भरून ठेवलं होतं. ते काढलं, पेटी घासली, कुलपाला तेल घातलं. पोरीनं किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आणि आरशात पाहून खूश झाली. निता तिथून उठून चुलीकडं गेली, उगाच लाकडं सारत बसली.

दादीनं दारातच निरोप दिला. ढावलो येत असूनही तिनं तो म्हटला नाही. नुसतं पोरीचं तोंड कुरवाळलं. औंढ्याहून एसटीनं दोघी हिंगोलीला आल्या. रस्ताभर सेवंती खिडकीतून बघत बोलत होती. वसतिगृहाच्या फाटकाशी पालकांनी थांबायचं होतं. आतून शिलाच्या मावसबहिणी धावत आल्या आणि पेटीच्या दोन्ही कड्या दोघींनी धरल्या.

निताने पोरीच्या गळ्यात हात टाकले. तिला वाटलं, आता ही सुरुवात करेल. एवढं शिकली आहे, आता तरी म्हणेल. आणि मग आपण काय उत्तर द्यायचं? ओसरीवरून ऐकलेली एकही ओळ आठवेना.

सेवंती मिठीतून हळूच बाजूला झाली. आईचा चेहरा पाहिला आणि हसली. "याडी, ते लग्नात करतात. मी दिवाळीला येऊन राहिले ना!"

आणि ती गेली. फाटकातल्या बाईला तिनं काही विचारलं नाही. सरळ आत शिरली, पेटीच्या मागोमाग, त्या दोघींना काहीतरी सांगत. तिचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता. निता फाटकाचा गज धरून उभी राहिली. लग्नात उभी होती तशीच.

परतीच्या एसटीत शेजारची जागा रिकामी होती; कोणी येऊन बसलं तरी तिला ती रिकामीच वाटली असती. फाट्यावर उतरून ती चालत निघाली. मागून शाळेची जीप आली, पोरं ओरडत होती, ड्रायव्हरनं विचारलं, "बसता का, मॅडम?" ती न्हाई म्हणाली. पुलाचा कठडा आला. ती थोडा वेळ त्यावर बसली. पोरगी इथं बसून काय बघत होती ते बघावं म्हणून बसली. इथून नुसता रस्ता दिसत होता.

घरात दादी भिंतीला टेकून बसली होती. दोन ताटं काढून ठेवलेली, तिसरं फळीवर पालथं. निता जेवायला बसली नाही. दादीच्या पुढ्यात, जिथं सेवंती बसायची तिथं जाऊन बसली.

"दादी, मला ढावलो शिकवा."

म्हातारीनं डोळे किलकिले केले. "आता? आता कोणासाठी? पोरीच्या लग्नाला अजून लई वर्षं हाइत."

"मला यायला वेळ लागंल," निता म्हणाली. "तिच्या वक्ताला मला उत्तर देता आलं पायजे. अन् माझ्या आईचं पण एक उत्तर राहिलंय."

दादी पदरानं तोंड पुसून नीट बसली.

"आधी गळ्यात हात टाक."

"कोणाच्या?"

"माझ्याच टाक. दुसरं हाय कोण आता घरात."

निताने सासूच्या गळ्यात हात टाकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. म्हातारीच्या अंगाला तंबाखूचा आणि पोरीच्या डोक्यातल्या तेलाचा वास येत होता. दादीनं बारीक आवाजात पहिली ओळ म्हटली, चुलीपुढच्या जागेची. निताने ती मागोमाग म्हटली, आणि जिथं आवाज खाली जातो तिथं तिला श्वासच पुरला नाही.

"बराबर," दादी म्हणाली. "थांबू नको. पुढं म्हण."